तारेची व्हिडिओ डोअरबेल : फाटकावरच्या जुन्या बेलच्या तारा वापरता येतील का?

लेंडी_तलाव (धागाकर्ता) :

नमस्कार मंडळी. आमचे घर नागपुरात प्रतापनगरच्या बाजूच्या एका जुन्या लेआउटमध्ये आहे. १९९४ चे बांधकाम, तळमजला आणि वर एक मजला, समोर पोर्च आणि पोर्चपुढे सहा-सात मीटरवर लोखंडी फाटक. बेलचे बटण फाटकाच्या खांबावर आहे आणि दोन पट्ट्यांची जुनी टिंगटाँग बेल बैठकीत, जेवणघराच्या दारावर लावलेली आहे. घरी दिवसभर फक्त आई-वडील असतात आणि दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. उन्हाळ्यात दुपारी कूलर सुरू झाला की बेल ऐकू येत नाही, आणि ऐकू आलीच तर कोण आले आहे हे पाहायला वडिलांना डोक्याला दुपट्टा बांधून फाटकापर्यंत जावे लागते. बहुतेक वेळा तो शेगडी दुरुस्त करणारा किंवा पत्ता विचारणारा निघतो.

बहिणीने अमेरिकेहून येताना तारेवर चालणारी व्हिडिओ डोअरबेल आणली आहे. खोक्यावर ‘१६ ते २४ व्होल्ट एसी, १० ते ४० व्हीए’ असे लिहिले आहे. आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनने खोके न वाचताच सांगितले की बटणाला दोन तारा आहेतच, बटण काढायचे आणि त्याच तारा याला जोडायच्या, अर्ध्या तासाचे काम आहे. तो आकडा पाहून मला शंका आली म्हणून त्यांना ‘उद्या या’ म्हटले. त्या तारा वापरता येतील का, की सगळेच नव्याने करावे लागेल? आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. गेल्या जुलैत भिजलेल्या बटणाला हात लावताच वडिलांच्या बोटाला झिणझिण्या आल्या होत्या. तेव्हापासून पावसाळाभर आम्ही त्या बटणावर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवतो.

जुना_वायरमन :

‘उद्या या’ म्हटलेत हे फार बरे केलेत. त्या तारा थेट जोडल्या असत्या तर बहिणीची भेट बटण दाबायच्या आत जळाली असती.

घोटाळा ‘तारेची’ या शब्दात आहे. अमेरिकेत घर बांधतानाच बेलसाठी वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतात. तो तिथल्या १२० व्होल्टचे १६ किंवा २४ व्होल्ट करतो आणि बटणापर्यंत जाते ती ही हलकी वीज. त्यामुळे तिकडच्या कंपन्या ‘जुने बटण काढा आणि त्याच दोन तारा जोडा’ असे पुस्तिकेत बिनधास्त लिहितात. आपल्याकडे बहुतेक घरांत बेल थेट २३० व्होल्टवर चालते. बोर्डातून फेज निघते, बटणापर्यंत जाते, बटणातून परत बेलकडे येते आणि बेलचे दुसरे टोक न्यूट्रलला असते. म्हणजे तुमच्या खांबावर एक फेज आहे आणि एक तिची परतीची तार आहे. न्यूट्रल तिथे नाहीच. म्हणून एखादा म्हणेल की तिथेच छोटा अडॅप्टर बसवू, तर तेही त्या दोन तारांवर नीट होणार नाही.

झिणझिण्यांचे कारणही यातच आहे. बटणात पाणी शिरले की फेजची टोके ओली होतात आणि ओल्या प्लास्टिकवरून गळती बोटापर्यंत येते. पिशवी बांधणे हा त्यावरचा उपाय नव्हे. कॅमेरा बसवा किंवा न बसवा, पण उघड्यावर, पावसात, लोखंडी फाटकाला लागून २३० व्होल्टचे बटण ठेवू नका. घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर कॅमेऱ्याआधी ती बसवून घ्या.

झिरो_माइल :

वायरमनकाका, मग सोपा मार्ग असा की २४ व्होल्टचा बेल ट्रान्सफॉर्मर आणायचा आणि त्याच तारांवर सोडायचा, बरोबर ना? डिस्ट्रिब्यूशन बोर्डात एमसीबीच्या (आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) शेजारी रेलवर बसणारे, ८-१२-२४ व्होल्टचे तयार ट्रान्सफॉर्मर मिळतात.

जुना_वायरमन :

मार्ग बरोबर आहे. मात्र २४ चा घेऊ नका, असे माझे मत आहे. लहान ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेला आकडा पूर्ण भार असतानाचा असतो. भार नसताना तो पंधरा-वीस टक्के जास्त व्होल्ट देतो. त्यात आमच्याकडे रात्री बारानंतर मीटरवर २४५ ते २५० व्होल्ट मी स्वतः मोजले आहेत. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की २४ लिहिलेला ट्रान्सफॉर्मर २८-३० पर्यंत जातो, आणि उपकरणाची कमाल मर्यादा २४ आहे. म्हणून १८ व्होल्ट, दीड अँपिअरचा घ्यावा. तो तयार मिळाला नाही तर ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे कारागीर आहेत. १८ गुणिले दीड म्हणजे २७ व्हीए, जे १० ते ४० च्या मध्ये बसते. आणि रात्रीच्या चढ्या व्होल्टवर, भार नसताना तो साडेबावीसच्या आसपास राहतो. घेताना एवढे जरूर पाहा की प्रायमरी (वीज आत घेणारे) आणि सेकंडरी (बाहेर देणारे) ही दोन वेगळी, एकमेकांपासून तुटलेली वेटोळी आहेत. ऑटो ट्रान्सफॉर्मर या कामी चालत नाही, कारण त्यात व्होल्ट कमी दिसले तरी फेजशी थेट नाते कायम राहते.

जुन्या तारा वापरायच्या तर त्यांची दोन्ही टोके सोडवायची. एक बोर्डातल्या फेजवरून सोडवायचे आणि दुसरे बेलवरून. मग ती दोन्ही ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला जोडायची आणि बोर्डात त्यांच्यावर चिठ्ठी लावायची, म्हणजे पाच वर्षांनी येणारा दुसरा कारागीर त्यात पुन्हा फेज घालणार नाही. आपल्या घरगुती तारांवर ११०० व्होल्ट असे छापलेले असते; त्यांच्यातून १८ व्होल्ट नेण्यात इन्सुलेशनची काही अडचण नाही. पाईपातून दुसऱ्या २३० च्या तारा जात असतील तर त्यात नेटवर्कची केबल मात्र घालू नये.

आणि काम सुरू करताना ‘बेल’ लिहिलेला एमसीबी पाडला म्हणून विश्वास ठेवू नका. आधी टेस्टर आणि मग मल्टिमीटर लावा.

फुटाळ्याचा_वारा :

मी थोडा वेगळा विचार मांडतो. बहिणीने आणलेले यंत्र बाजूला ठेवा असे म्हणत नाही, पण ज्यांनी अजून काहीच घेतलेले नाही त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या वाटेला जाऊच नये. ‘तारेची’ डोअरबेल म्हणून जे विकले जाते त्यात बहुधा फक्त वीज तारेने येते, चित्र वायफायनेच जाते. फाटक घरापासून लांब आणि मध्ये नऊ इंची विटांच्या दोन भिंती असतील तर बटण दाबल्यावर मोबाइलवर चित्र यायला इतका वेळ लागतो की पाहुणा कंटाळून गेटवरची बेल पुन्हा वाजवतो.

एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही नेणारी पीओई पद्धत या कामाला सर्वांत चांगली. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे ८०२.३एएफ हे मानक २००३ पासून आहे. त्यात नेटवर्क स्विच (घरातल्या ज्या खोक्यातून केबल निघते तो) कमाल १५.४ वॉट देतो आणि केबलमधली घट धरून पलीकडच्या उपकरणाला १२.९५ वॉट हमखास मिळतात. अंतराची मर्यादा १०० मीटर आहे, म्हणजे कोणत्याही बंगल्याला पुरून उरेल. मला यातली सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की स्विच आधी अगदी कमी व्होल्टने पलीकडे विचारपूस करतो, तिथे सुमारे २५ किलोओहमचा ठरलेला रोध सापडला तरच पुढची ४८ व्होल्टची वीज सोडतो. चुकून दुसरे काही जोडले गेले तर ते जळत नाही. बाजारात जे स्वस्त ‘पॅसिव्ह’ इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारे खोके) मिळतात ते ही विचारपूस करत नाहीत. त्यांच्यापासून दूर राहावे.

आमच्याकडे अशी डोअरबेल आहे. चित्रण घरातल्याच रेकॉर्डरवर होते. इंटरनेट बंद असतानाही आईच्या खोलीतल्या स्क्रीनवर फाटक दिसते, आणि महिन्याचे भाडे कोणाला द्यावे लागत नाही.

झिरो_माइल :

केबलचा विषय निघाला म्हणून माझी फजिती सांगतो. आमच्याकडे १२ व्होल्ट डीसीवर चालणारा कॅमेरा आहे. दिवसभर तो उत्तम चालायचा आणि संध्याकाळी सातच्या सुमारास दर दोन मिनिटांनी बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. मी राउटर बदलला, मेमरी कार्ड बदलले, कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर नव्याने भरले. बसवून देणारा दर वेळी ‘नेटचा प्रॉब्लेम’ म्हणायचा.

शेवटी एका संध्याकाळी कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटर लावून शिडीवर उभा राहिलो. अंधार पडला, आत बारीक ‘टिक्’ असा आवाज झाला, रात्रीचे इन्फ्रारेड दिवे लागले आणि मीटरवरचा आकडा अकराच्या पुढून थेट साडेनऊच्या खाली आला. नेटवर्क केबलमधल्या एकाच जोडीतून वीज नेली होती. अंतर वीस मीटर, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस मीटर. तांब्याची अशी बारीक तार मीटरला सुमारे ०.०८४ ओहम रोध देते, म्हणजे एकूण जवळपास ३.४ ओहम. दिवसा कॅमेरा ०.३ अँपिअर ओढायचा तेव्हा एक व्होल्ट गळायचा, रात्री ०.७ ओढू लागला की २.४ व्होल्ट वाटेतच संपायचे. केबलचे टोक ब्लेडने खरवडले तर आत पांढरे निघाले. तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम होते, ज्याचा रोध तांब्यापेक्षाही जास्त. शुद्ध तांब्याची केबल आणून वीज दोन जोड्यांतून नेल्यावर दुखणे गेले. केबल घेताना विक्रेत्यासमोरच टोक खरवडून पाहावे. तो रागावत असेल तर उत्तर मिळालेच समजा.

लेंडी_तलाव (धागाकर्ता) :

सर्वांचे आभार. वायरमनकाकांनी सांगितल्याप्रमाणे ‘बेल’ लिहिलेला एमसीबी पाडला आणि खांबावरचे बटण उघडले, तर टेस्टर पेटलेलाच होता. शोध घेतल्यावर कळले की बेल पोर्चच्या दिव्याच्या सर्किटवरून घेतलेली आहे आणि त्या एमसीबीवर आता फक्त न्हाणीघरातला गीझर आहे. तारा तांब्याच्या आहेत, पण टोकांशी हिरव्या पडल्या आहेत आणि इन्सुलेशन बोटात चुरले की भुगा होते.

दोन प्रश्न उरतात. आमचे घर पश्चिमाभिमुख आहे. मे महिन्यात दुपारी बारापासून सूर्यास्तापर्यंत त्या खांबावर ऊन असते. हे यंत्र ते सोसेल का? आणि वडिलांचा आग्रह आहे की जुन्या बेलचा आवाज तसाच राहावा. त्यावर तोडगा आहे का?

अंबाझरी_ओव्हरफ्लो :

उन्हाबद्दल मी लिहितो, कारण त्यात माझे पैसे गेले आहेत. आधी माझ्याकडे बॅटरीवर चालणारी डोअरबेल होती. लिथियम आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असा सर्वसाधारण नियम आहे आणि चांगली उपकरणे तेवढ्या तापमानाला स्वतःहून चार्जिंग थांबवतात. नागपुरात मे महिन्यात सावलीतलेच तापमान ४५ च्या आसपास जाते. पश्चिमेच्या भिंतीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या आत काय होत असेल याची कल्पना करा. एप्रिलच्या शेवटापासून माझी बेल दुपारी झोपायची आणि रात्री जागी व्हायची. त्यामुळे इथे तारेची, आत बॅटरी नसलेली बेल घेणे हाच शहाणपणा आहे. पण तारेच्या बेललाही मर्यादा असते. पुस्तिकेत कमाल तापमान पाहा. काहींवर ४० लिहिलेले असते, काहींवर ५०, आणि तो आकडा सावलीतल्या हवेचा असतो.

मे २०२४ च्या अखेरीस आपल्याच रामदासपेठेतील स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि नंतर हवामान खात्याने सेन्सरचा दोष असल्याचे जाहीर केले, हे अनेकांना आठवत असेल. उन्हात ठेवलेल्या यंत्राने काय दाखवावे याचा भरवसा नाही, एवढेच त्यातून मी घेतले.

उपाय साधा आहे. खांबाच्या पश्चिमेच्या तोंडावर न लावता शक्य असेल तर उत्तरेच्या बाजूला लावावी आणि वर सहा इंच पुढे येणारा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा छज्जा बसवावा. पत्रा आणि यंत्र यांच्यात बोटभर फट ठेवावी म्हणजे हवा खेळते. चित्रालाही त्याचा फायदा होतो, कारण सायंकाळचे ऊन थेट भिंगात शिरले की समोरच्या माणसाचा चेहरा काळा दिसतो. यंत्राभोवती सिलिकॉन लावताना वरची आणि दोन्ही बाजूंची फट बुजवावी आणि खालची मोकळी सोडावी, नाहीतर आत शिरलेले पाणी आतच राहते. तारेचे भोक मात्र मागून पूर्ण बंद करावे. आमच्याकडे कुंभारीण माशीने त्या भोकात मातीचे घर केले होते आणि काढताना तारेचा जोडही निघाला.

जुना_वायरमन :

जुन्या बेलबद्दल : तुमची टिंगटाँग २३० व्होल्टच्या वेटोळ्याची आहे. वीज आली की आतला लोखंडी दांडा एका पट्टीवर आपटतो, बटण सोडले की स्प्रिंगने मागे येऊन दुसरीवर. १८ व्होल्टवर तो दांडा जागचा हलणार नाही. मध्ये रिले (हलक्या विजेवर चालणारा आपोआप स्विच) घालून ती वाजवता येते, पण व्हिडिओ डोअरबेल आपल्या पोटापाण्यासाठी त्या तारेतून सतत थोडी वीज ओढत असते आणि स्वस्त रिले त्या विजेवर गुणगुणत राहतो. मी एका घरी तसे केले आणि पंधरा दिवसांत काढून टाकले. दुसरे म्हणजे, काही डोअरबेल बेलशिवाय थेट ट्रान्सफॉर्मरला जोडता येतात आणि काहींना मध्ये रेझिस्टर लागतो; ते पुस्तिकेत असेल तसेच करावे, अंदाजाने करू नये.

माझा सल्ला असा की जुनी बेल जागेवरच राहू द्या आणि तिचे बटण पोर्चच्या आतल्या, पाऊस न लागणाऱ्या भिंतीवर घ्या. फाटक उघडून आत येणारे शेजारी ते वाजवतील. फाटकावरचा माणूस कॅमेऱ्याची बेल वाजवेल.

तिसरा_मजला :

मी मनीषनगरमध्ये फ्लॅटमध्ये राहतो. आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारे आहेत आणि मध्ये जेमतेम पाच फुटांची जागा. समोरच्या कुटुंबाने अशी डोअरबेल लावली आहे. आमचे दार उघडले की आमची बैठक थेट त्यांच्या चित्रणात जाते, आणि आवाजही रेकॉर्ड होत असावा. त्यांच्याशी संबंध चांगले आहेत, म्हणून वाद नको आहे. पण घरात पंचा गुंडाळून वावरताना आता दहा वेळा दाराकडे पाहावे लागते. बंगलेवाल्यांनीही याचा विचार करावा म्हणून लिहिले.

गोंड_राजा_चौक :

मी वकिली करतो, तरी हे कायदेशीर मत समजू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे म्हटले, हे खरे. परंतु तो निकाल मुख्यतः शासन आणि नागरिक यांच्या नात्याविषयी आहे आणि शेजाऱ्याच्या डोअरबेलवर तो आपोआप लागू होतो असे मानणे घाईचे होईल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर कक्षेबाहेर ठेवला आहे. त्यामुळे कलमांपेक्षा सोसायटीच्या सभेचा ठराव तुम्हाला लवकर उपयोगी पडेल.

त्याहूनही लवकर उपयोगी पडेल ती त्या यंत्रातलीच सोय. बहुतेक डोअरबेलच्या ॲपमध्ये चित्राचा ठरावीक भाग कायमचा काळा करता येतो आणि आवाजाचे रेकॉर्डिंग वेगळे बंद करता येते. एखाद्या रविवारी चहाला बोलवा आणि त्यांच्याच मोबाइलवर तुमच्या दाराएवढा चौकोन काळा करून घ्या. त्यांना स्वतःलाही माहीत नसेल की त्यांचे यंत्र काय काय टिपते. कॅमेरा समोरच्या भिंतीऐवजी जिन्याकडे वळवणारी पाचर मिळते, तीही सुचवा.

तिसरा_मजला :

चहाची कल्पना आवडली. पुढच्या रविवारी बोलावतो.

लेंडी_तलाव (धागाकर्ता) :

काम पूर्ण झाले आहे. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांच्यासाठी तपशील देतो.

सर्वांत आधी डोअरबेल भिंतीवर न लावता बैठकीच्या टेबलावर, ट्रान्सफॉर्मरला जोडून तीन दिवस चालवली. ॲपमध्ये भारत निवडता येतो का, बहिणीच्या खात्यातून ती सुटते का, घड्याळ नागपूरची वेळ दाखवते का, हे सगळे कळेपर्यंत खांबाला भोक पाडायचे नाही असे ठरवले होते आणि ते बरे झाले, कारण दोन दिवस फक्त खाते बदलण्यात गेले. सोबत आलेल्या, प्लगमध्ये लावायच्या घंटीवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे बारीक अक्षरांत होते, म्हणून ती फक्त पिनेचा जोड लावून इथे चालली.

जुन्या तारा ठेवल्या नाहीत. नवी तार जुनीच्या टोकाला बांधून ओढायला घेतली, ती दोन-तीन मीटर सरकली आणि पोर्चच्या फरशीखाली कुठेतरी अडकली. इलेक्ट्रिशियनने (तेच, त्यांनी या वेळी खोके नीट वाचले) दुसऱ्या टोकाने साबणाचे पाणी सोडले, अर्धा तास थांबले आणि पुन्हा ओढले, तेव्हा तारेबरोबर एक ओंजळभर काळी माती आणि मुंग्यांची अंडी बाहेर आली. एवढा खटाटोप होतोच आहे तर त्याच पाईपातून एक चौरस मिलिमीटरच्या दोन तारांसोबत शुद्ध तांब्याची, बाहेर वापरायची काळी कॅट ६ नेटवर्क केबलही टाकली. त्या पाईपात आता २३० व्होल्ट अजिबात नाही. फुटाळ्याच्या वाऱ्याने उद्या मन वळवलेच तर पीओईची वाट तयार आहे. विक्रेत्यासमोर केबल खरवडली, तो हसला.

१८ व्होल्ट, दीड अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर बोर्डाशेजारी वेगळ्या पेटीत, वेगळ्या फ्यूजसह बसवला आहे आणि तो इन्व्हर्टरच्या सर्किटवर घेतला. राउटरही तिथेच घेतला, नाहीतर वीज गेल्यावर कॅमेरा जागा आणि राउटर झोपलेला, असे झाले असते. रात्री साडेबाराला भार नसताना २२.४ व्होल्ट मोजले, खांबावर कॅमेरा चालू असताना १९. फाटकावर वायफायची ताकद उणे ७६ डीबीएम (शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली) होती आणि चित्र थांबत-थांबत यायचे, म्हणून बैठकीच्या खिडकीत एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुढे पोचवणारे यंत्र) लावला. आता उणे ५८ आहे आणि बटण दाबल्यापासून दोन-तीन सेकंदांत चित्र येते.

घंटी आईच्या खोलीत, कूलरपासून दूरच्या भिंतीवर आहे. जुनी टिंगटाँग पोर्चच्या बटणावर वाजते आणि वडील ते बटण रोज सकाळी फिरून आल्यावर एकदा दाबून पाहतात.

फुटाळ्याचा_वारा :

उंची किती ठेवली? आणि रस्त्यावरच्या प्रत्येक दुचाकीला मोबाइल वाजतो का?

लेंडी_तलाव (धागाकर्ता) :

उंची पुस्तिकेप्रमाणे जमिनीपासून १.२ मीटर. हालचालीची हद्द फाटकाच्या आतल्या पायरीपासून बाहेर दोन मीटरपर्यंतच ठेवली आहे आणि समोरच्यांचे फाटक काळ्या चौकोनात घातले. पहिल्या आठवड्यात भिंतीवरून जाणारी माकडे दिवसाला वीस वेळा मोबाइल वाजवायची. ‘फक्त माणूस’ हा पर्याय निवडल्यावर ती कटकट बरीच कमी झाली, तरी एखादे मोठे वानर कठड्यावर बसले की यंत्र त्याला माणूसच समजते.

सावजी_रस्सा :

उंचीवरून आठवले. कॅमेरा आणि स्क्रीन असलेल्या दाराच्या सुरक्षायंत्रणेचे अमेरिकेतले पेटंट न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेच्या आणि तिच्या पतीच्या नावावर आहे. १९६६ मध्ये अर्ज केला आणि डिसेंबर १९६९ मध्ये मंजूर झाला. त्यात दाराला एकाखाली एक अशी भोके होती आणि कॅमेरा त्यांच्यामागे वरखाली सरकायचा, म्हणजे उंच माणूसही दिसावा आणि लहान मूलही. आजच्या यंत्रात कॅमेरा एका जागी खिळलेला असतो आणि सगळी भिस्त रुंद भिंगावर. तुमच्या फाटकाबाहेर उतार असेल तर खाली बघणारी पाचर लावून घ्या. तान्हा पोळा जवळ आला आहे, लहान पोरे लाकडी बैल घेऊन दारोदारी येतील, म्हणून सांगतो.

लेंडी_तलाव (धागाकर्ता) :

तुम्ही सांगितले तेव्हा मनावर घेतले नाही. काल तान्हा पोळा झाला. संध्याकाळी पाचपासून बेल वाजत होती आणि आईच्या मोबाइलवर दर वेळी रिकामा रस्ता दिसत होता. कधी खालच्या कोपऱ्यातून वर आलेला एक हात, कधी लाकडी बैलाच्या रंगवलेल्या शिंगाचे टोक. यंत्र बिघडले असे समजून आईने दोनदा बेलकडे दुर्लक्ष केले. तिसऱ्यांदा वडील फाटकापर्यंत गेले, तर पाच पोरे बैल घेऊन बोजाऱ्यासाठी (त्या दिवशी मिळणाऱ्या खाऊ-पैशांसाठी) रांगेत उभी होती आणि त्यातल्या सर्वांत लहानाला दुसऱ्याने कमरेला धरून बटणापर्यंत उचलले होते.

फाटकाबाहेर रस्त्याकडे जवळपास पाऊण फुटाचा उतार आहे. तो मी मोजलाच नव्हता. आज सकाळी पंधरा अंशांची पाचर बसवली आणि यंत्र दहा सेंटिमीटर खाली घेतले. आता बाहेरची नालीवरची फरशीही चित्रात येते. जुनी दोन भोके सिमेंटने बुजवायची राहिली आहेत, ती रविवारी बुजवतो.